लंपी आणि लाळ्या-खुरकुताची लस: विषाणूपासून घडते कशी, बिघडते कुठे

प्रश्न गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका दूध सोसायटीच्या सचिवांचा आहे. थोडक्यात असा: लंपी हा अंगावर गाठी उठवणारा रोग गायीला होतो, मग टोचतात ती शेळीच्या देवीची लस का? लाळ्या-खुरकुताची टोचणी दर सहा महिन्यांनी आणि लंपीची वर्षातून एकदा, हे कशावरून ठरतं? गायीच्या लंपीची स्वतःची लस यायला एवढी वर्षं का लागली? आणि लस घेतलेल्या जर्सी गायीला दहाव्या दिवशी अंगावर गाठी उठल्या, तर ती लस खोटी म्हणायची का?

यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ एकच आहे. बाटलीतला विषाणू जिवंत आहे की मारलेला, हे लस बनवणारा अगदी सुरुवातीला ठरवतो. पुढे कारखान्यात काय सांभाळायचं, आइसबॉक्समध्ये काय ठेवायचं आणि गोठ्यात काय चुकू शकतं, ते सगळं त्यावरून ठरतं. लंपीची लस जिवंत विषाणूची, लाळ्या-खुरकुताची मारलेल्या विषाणूची. दोन्ही एकाच फ्रिजमधून येतात म्हणून आपण त्यांना एकाच मापाने मोजतो, आणि तिथेच फसतो.

आधी लंपी. हा रोग पहिल्यांदा 1929 मध्ये झांबियात नोंदला गेला, भारतात 2019 मध्ये ओडिशात. विषाणू देवीच्या कुळातला, त्यातही कॅप्रिपॉक्स नावाच्या गटातला. या गटात तिघेच आहेत: मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लंपी. तिघांचाही जनुकसंच सुमारे दीड लाख अक्षरांचा, आणि त्यातली साधारण 97 टक्के अक्षरं एकमेकांशी जुळतात. गायीच्या प्रतिकारशक्तीला एकाची ओळख झाली की बाकीचे दोघेही परके राहत नाहीत. 2019 मध्ये आपल्याकडे गायीसाठी लंपीची लस नव्हती, पण शेळीच्या देवीची उत्तरकाशी स्ट्रेनची (विषाणूच्या वाणाची) लस तयार होती, तिचा कच्चा माल आणि कारखाने होते. म्हणून ती गायीला दिली, शेळीपेक्षा वाढीव मात्रेत. ही तडजोड होती, पण शास्त्राला धरून केलेली. तिचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही: शेळीचा विषाणू गायीत फारसा वाढत नाही, त्यामुळे टोचल्यावर सूज-गाठींचा त्रास कमी. तोटाही त्यातच आहे. जो विषाणू गायीत नीट वाढत नाही, त्याची मात्रा थोडी जरी घटली तरी संरक्षण लगेच कमी पडतं.

गायीची स्वतःची लस करायची तर सुरुवात खपलीपासून होते. आजारी गुराच्या गाठीची खपली निर्जंतुक भांड्यात कुटून, अँटिबायोटिक घातलेल्या द्रावणात भिजवून, गाळून ती प्रयोगशाळेतल्या पेशींवर टाकतात. पेशी गोल होऊन तळापासून सुटायला लागल्या की विषाणू वाढला असं समजायचं. मग तो द्रव गोळा करून ताज्या पेशींवर. याला पॅसेज म्हणतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यक संशोधन संस्थेसोबत केलेल्या लंपी-प्रोव्हॅक-इंड या लशीसाठी रांचीच्या गुरांतून मिळालेला 2019 चा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींवर असा 50 वेळा वाढवला. पेशींत त्याला गायीच्या प्रतिकारशक्तीशी झगडावं लागत नाही, त्यामुळे त्या झगड्यासाठी लागणारी जनुकं हळूहळू बिघडतात किंवा गळतात. विषाणू गायीच्या अंगात वाढतो, पण रोग करण्याइतकी ताकद त्याच्यात उरत नाही.

थांबायचं कधी, हा खरा कसोटीचा मुद्दा. कमी पॅसेजवर थांबलात तर लसच गाठी उठवते. फार पुढे गेलात तर विषाणू पेशींना इतका सरावतो की गायीत धडपणे वाढतच नाही, आणि लस टोचली काय, पाणी टोचलं काय, सारखंच. म्हणून मधल्या मधल्या पॅसेजचे नमुने गोठवून ठेवतात, त्यांचा जनुकक्रम वाचतात आणि थोड्या वासरांत प्रत्येकाची चाचणी घेतात. ठरलेल्या पॅसेजचा एकच मोठा साठा करायचा, त्याला मास्टर सीड म्हणतात. पुढची प्रत्येक बॅच या सीडपासून ठराविक पॅसेजच्या आतच घ्यायची. कारखान्यात वाढवत वाढवत आणखी दहा पॅसेज पुढे नेलं तर बाटलीवर नाव तेच राहील, लस ती राहणार नाही.

सीडची तपासणी हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त घात इथेच होतो. पेशी वाढवायला गायीच्या गर्भाचा सीरम (रक्तातला द्रव) लागतो, आणि त्या सीरममध्ये बीव्हीडी नावाचा, गुरांना हगवण लावणारा विषाणू गुपचूप असू शकतो. त्याचे बरेचसे प्रकार पेशींना काहीच करत नाहीत, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून पाहून कळत नाही. नेदरलँड्समध्ये 1999 साली आयबीआर या गुरांच्या श्वासमार्गाच्या रोगावरच्या जिवंत लशीत असाच बीव्हीडी शिरला होता. लशीतूनच गायींना तो रोग झाला. दुसरा धोका त्याहून वाईट. लंपीचा, मेंढीचा आणि शेळीचा विषाणू एकाच पेशीत वाढले तर एकमेकांची जनुकं उचलतात. मध्य आशियात वापरलेल्या एका जिवंत लशीत असा मिश्र माल होता. त्यातून तयार झालेले संकरित विषाणू रशिया, चीनपर्यंत पसरल्याचं जनुकक्रमावरून पुढे सिद्ध झालं. एकाच हॉलमध्ये दोन कॅप्रिपॉक्स लशी बनवणाऱ्याने याचा विचार करावा.

मग सुरक्षितता. दहापट मात्रा टोचून पाहायची. लशीचा विषाणू एका जनावरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा पाच वेळा नेऊन तो पुन्हा उग्र होत नाही ना हे तपासायचं. त्यानंतर लस दिलेल्या आणि न दिलेल्या वासरांना खरा उग्र विषाणू शिरेतून आणि कातडीत देऊन झुंज लावायची. इथे लंपी अडचण करते: लस न दिलेल्या सगळ्या वासरांना गाठी उठतच नाहीत. साधारण निम्म्यांनाच पूर्ण रोग दिसतो, बाकीच्यांना नुसता ताप येऊन जातो. म्हणजे चार लसवंत आणि दोन बिनलशीच्या वासरांवर केलेल्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही गटांत पुरेशी जनावरं हवीत, तीही बंदिस्त, गाळलेल्या हवेच्या गोठ्यात. असे गोठे देशात मोजकेच, आणि प्रत्येक रोगाचे संशोधक त्यांच्या रांगेत. उशीर होतो तो मुख्यतः इथे आणि त्यानंतरच्या बॅचच्या कागदपत्रांत. लंपी-प्रोव्हॅक-इंड 10 ऑगस्ट 2022 ला जाहीर झाली. तिच्या तंत्रज्ञानावर आधारलेल्या बायोव्हेट कंपनीच्या बायोलंपिव्हॅक्सिनला परवाना मिळाला फेब्रुवारी 2025 मध्ये. विषाणू हातात आल्यापासून परवान्यापर्यंत सहा वर्षांच्या आत, हे माझ्या मते उशिराचं उदाहरण नव्हे.

तयार विषाणू बाटलीत जातो तो वाळवून. दूधप्रथिनाचं हायड्रोलायसेट (तुकडे केलेलं प्रथिन) आणि साखर मिसळून उणे 40 अंशाला गोठवायचं, मग निर्वात करून बर्फाची थेट वाफ काढायची. शेवटी उरलेला ओलावा 3 टक्क्यांच्या आत हवा. जास्त राहिला तर लस फ्रिजमध्येसुद्धा महिन्या-महिन्याने कमजोर होते.

आता जरा हिशेब करू, कारण गोठ्यातलं सगळं यावर आहे. गायीची मात्रा दहाचा साडेतीनवा घात टीसीआयडी50, म्हणजे पेशींना संसर्ग करू शकणारे सुमारे 3,160 एकक. 100 मात्रांची बाटली 100 मिली डायल्युएंटमध्ये, म्हणजे लस विरघळवायच्या द्रवात, विरघळवली तर प्रत्येक मिलीत तेवढे असायला हवेत. मे महिन्यात घाटातला रस्ता, जीपच्या डॅशबोर्डवर बाटली, आणि त्यातले दहातले नऊ विषाणू मेले तर मिलीत 316 उरतात. बाटली तशीच दिसते. रंग बदलत नाही, वास येत नाही. गाय मात्र उघडी राहते.

विरघळवलेली जिवंत लस बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवायची, हे सगळ्यांना पाठ असतं. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत अडचण वेगळी आहे: वाड्या विखुरलेल्या, घरटी चार-सहा गुरं, आणि बाटली 100 मात्रांची. सकाळी एका वाडीत 18 गुरं झाली की उरलेल्या 82 मात्रा टाकवत नाहीत. त्या दुपारी पुढच्या गावात जातात. लस टोचूनही रोग आला अशा बऱ्याच तक्रारींचं उत्तर या दुपारच्या बाटलीत सापडेल. उपाय दोनच. लहान पॅक मागून घ्यायचे, 25 किंवा 50 मात्रांचे. नाहीतर सोसायटीच्या सकाळच्या दूध संकलनाच्या वेळेला जवळच्या दोन-तीन वाड्यांची गुरं एका जागी बांधायची आणि बाटली फोडली की तिथेच संपवायची. एका ठिकाणी गुरं जमवणं रोग नसतानाच. गावात लंपी शिरली असेल तर मात्र घरोघरच जावं, आणि निरोगी गोठे आधी करावेत.

जिवंत लशीला मारणाऱ्या आणखी दोन गोष्टी साध्या आहेत म्हणून सुटतात. उकळलेली सिरिंज गरम असतानाच लस ओढणं, आणि सुई स्पिरिटने पुसून लगेच बाटलीत खुपसणं. स्पिरिटचा थेंब माणसाला स्वच्छता वाटतो, विषाणूला तो मरण आहे. सुई प्रत्येक गुराला वेगळी, टोचणी मानेच्या सैल कातडीखाली. ही मांसात देण्याची लस नव्हे.

लाळ्या-खुरकुताचं गणित पूर्ण उलटं. विषाणू इवलासा, 25 ते 30 नॅनोमीटरचा, आरएनए जेमतेम साडेआठ हजार अक्षरांचं. देवीच्या कुळातला विषाणू आपली नक्कल करताना चुका दुरुस्त करतो. याच्याकडे ती सोय नाही, त्यामुळे तो सतत बदलतो. जगात सात प्रकार, आपल्या लशीत तीन: ओ, ए आणि एशिया-1. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. एकाच प्रकारातसुद्धा नवा विषाणू जुन्या लशीच्या स्ट्रेनपासून दूर सरकतो. म्हणून लस दिलेल्या गायीचं सीरम घेऊन ते लशीच्या विषाणूला आणि गावात सापडलेल्या विषाणूला किती रोखतं याचं गुणोत्तर काढतात, आर-1 म्हणतात त्याला. ते 0.3 च्या खाली गेलं की स्ट्रेन बदलायचा विचार सुरू करायचा. इतका चंचल विषाणू कमजोर करून जिवंत टोचणं म्हणजे आगीशी खेळ. म्हणून तो मारूनच देतात, आणि मेलेला विषाणू गायीत वाढत नसल्याने प्रतिकारशक्ती लवकर ओसरते. सहा महिन्यांचं चक्र त्यातून आलं. लंपीच्या लशीतला जिवंत विषाणू गायीत वाढतो, म्हणून तिथे वर्षातून एकदा पुरते.

कारखान्यात बीएचके-21 पेशी, हॅमस्टरच्या पिलांच्या मूत्रपिंडापासून आलेल्या, हजारो लिटरच्या टाकीत तरंगत वाढवतात. प्रत्येक प्रकारासाठी टाकी वेगळी. विषाणू सोडला की 37 अंशाला दिवसभराच्या आत पेशी फुटतात. गाळून घेतलेल्या द्रवात बीईआय नावाचं रसायन घालतात. ते आरएनए निकामी करतं, बाहेरच्या कवचाला फारसा धक्का लावत नाही. पूर्वी फॉर्मेलिन वापरत. त्याने सुरुवातीला विषाणू भराभर मरतात आणि शेवटचे थोडे चिकटून राहतात, कारण कवचच घट्ट होऊन रसायन आत शिरत नाही. युरोपात 1980 च्या दशकापर्यंतचे काही उद्रेक अशा अर्धवट मारलेल्या लशीपर्यंत मागे नेता आले आहेत.

बीईआयने मारताना विषाणू दर तासाला सारख्याच पटीने घटतात, दहाच्या घातांच्या आलेखावर ती सरळ रेषा दिसते, आणि सुरक्षिततेचा सगळा भरवसा त्या रेषेवर. दर मिलीला दहा कोटी विषाणू असले, तर 10,000 लिटरमध्ये एकही जिवंत उरू नये या अटीसाठी त्यांची संख्या दहाच्या पंधराव्या घाताने कमी व्हायला हवी. इतकं कमी प्रत्यक्ष मोजता येत नाही. म्हणून तासातासाला नमुने घेऊन आलेख काढायचा आणि रेषा पुढे वाढवून किती तास लागतील ते बघायचं. आणि अर्ध्यावर द्रव दुसऱ्या स्वच्छ टाकीत हलवायचा. कारण पहिल्या टाकीच्या झाकणाला, नळीच्या कोपऱ्यात फेसाचे जे थेंब चिकटतात, त्यांना बीईआय लागलेलंच नसतं. शेवटी उरलेलं बीईआय सोडियम थायोसल्फेटने मोडायचं.

या लशीत मोजायची गोष्ट जिवंत विषाणूंची संख्या नव्हे, अखंड कवच. त्याला 146एस कण म्हणतात. आम्लता वाढून पीएच 6.5 च्या खाली गेला किंवा तापमान चढलं की हे कवच 12 तुकड्यांत फुटतं, आणि तुकडे जवळजवळ निरुपयोगी. एका मात्रेत हे कण काही मायक्रोग्रॅमच असतात. शुद्धीकरण करून विषाणूची कवचाबाहेरची प्रथिनं काढून टाकावी लागतात. ती राहिली तर तपासणीत लस घेतलेली गाय आणि रोग होऊन गेलेली गाय सारख्याच दिसतात, आणि रोगमुक्त विभाग जाहीर करण्याचं सगळं काम अडतं. त्यानंतर तेलात मिसळणं: निम्मं तेल, निम्मा द्रव, दोन्ही तीस-बत्तीस अंशांना. तापमान चुकलं की मिश्रण काही आठवड्यांत फाटतं.

म्हणूनच एका फ्रिजमध्ये दोन लशींचा धर्म वेगळा. वाळवलेली लंपीची लस फ्रीझरमध्ये राहिली तर बिघडत नाही. लाळ्या-खुरकुताची बाटली एकदा जरी गोठली तरी तेल-पाणी वेगळं होतं, आणि मग कितीही हलवा, ती गेली. पावसात सत्तरीत वीज जाते म्हणून बाटल्या फ्रीझरच्या कप्प्यात सरकवायची सवय याच लशीला भोवते. आइसबॉक्समध्ये उणे 20 अंशाचे कडक आइसपॅक थेट बाटलीला टेकवणं हेही तेच. पॅक बाहेर काढून आत पाणी खळखळेपर्यंत थांबावं, मग वर्तमानपत्राची घडी मध्ये घालून ठेवावेत. बाटली उघडण्याआधी उजेडात धरा: तळाला पाण्याचा वेगळा थर दिसला तर टोचू नका, बॅच नंबर लिहून परत करा. ही टोचणी मानेच्या मांसात खोल. मात्रा लेबलवर असेल ती, बहुतेक 2 मिली. वासरांना चार महिन्यांनंतर, आणि पहिल्यांदा टोचत असाल तर महिन्याने पुन्हा. चार महिन्यांच्या आत टोचली तर आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्यं लशीलाच शत्रू समजून संपवतात.

तिसराही मार्ग आहे, जो खऱ्या अर्थाने विषाणूला वाहन करतो. एका निरुपद्रवी विषाणूच्या जनुकसंचात दुसऱ्या रोगाच्या विषाणूचं एक-दोन जनुकांचं सामान बसवायचं. अमेरिकेत मानवी अ‍ॅडेनोव्हायरस-5 मध्ये लाळ्या-खुरकुताच्या कवचाची जनुकं आणि कवचाचे भाग कापून वेगळे करणारं प्रोटिएज हे विकर घालून लस केली. तिला 2012 मध्ये सशर्त परवाना मिळाला. गायीच्या पेशीच रिकामी कवचं तयार करतात, आत आरएनए नाही. खरा विषाणू कारखान्यात कुठेच लागत नाही, हे मोठं. पण प्रत्येक प्रकारासाठी वेगळं वाहन, आणि मारलेल्या लशीपेक्षा खर्च जास्त. कॅप्रिपॉक्सच्या थायमिडीन कायनेज नावाच्या जनुकात बुळकांडीचं जनुक बसवून दोन रोगांवर एक लस करण्याचे प्रयोगही झाले. 2011 मध्ये बुळकांडीच जगातून नाहीशी झाली, तीही साध्या, पेशींवर कमजोर केलेल्या जिवंत लशीने. वाहन-लशीचं एक दुखणं कायमचं: गायीला वाहनाच्या विषाणूची आधीच ओळख असेल तर ते वाहन दारातच अडवलं जातं. घरोघर कॅप्रिपॉक्सची लस टोचलेल्या आपल्या गुरांत कॅप्रिपॉक्सचंच वाहन चालवणं म्हणूनच कठीण.

गोव्यासाठी वेळेचं गणित. लंपी पसरवतात चावऱ्या माश्या, डास, गोचीड. पाऊस लागला की त्यांना ऊत येतो. लस दिल्यावर चांगलं संरक्षण यायला तीन आठवडे धरा, म्हणजे टोचणी मेच्या मध्यापर्यंत संपलेली हवी. जूनमध्ये शिबिर घेणं म्हणजे रोगाशी शर्यत. दुसरं, कामधेनू योजनेतून किंवा स्वतःच्या पैशाने बेळगाव, कोल्हापूरकडच्या बाजारातून आणलेली गाय चोर्ला घाट किंवा अनमोडवरून उतरते ती दमलेली, भुकेली. त्या दिवशी टोचलेली लस तिला नीट लागत नाही. विकणाऱ्याकडेच तीन-चार आठवडे आधी टोचून, कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर नोंद बघून मगच गाडीत चढवा, आणि इथे आल्यावर 28 दिवस वेगळी बांधा. श्वेतकपिलेसारख्या गावठी गुरांत रोग जर्सी-होल्स्टिन संकरितांपेक्षा सहसा सौम्य जातो, पण ती गुरं रानात-रस्त्यावर फिरतात आणि विषाणू फिरता ठेवतात. त्यांना वगळून केलेली टोचणी अर्धीच.

राहिला दहाव्या दिवसाच्या गाठींचा प्रश्न. लस टोचली त्या दिवशी विषाणू आधीच अंगात असेल तर असं होऊ शकतं, कारण संसर्गापासून गाठी यायला एक ते चार आठवडे लागतात. लशीची स्वतःची प्रतिक्रियाही असू शकते. तिच्या गाठी लहान, वरवरच्या, ताप थोडा, दोन आठवड्यांत विरतात, दूध दोन-तीन दिवस कमी होतं. खऱ्या लंपीत गाठ दोन ते पाच सेंटीमीटरची, कातडीच्या पूर्ण जाडीतून, ताप 40 अंशांच्या वर, खांद्यापुढच्या लसिकाग्रंथी हाताला मोठ्या लागतात. अंदाजाने भांडण्यापेक्षा गाठीची खपली कोरड्या निर्जंतुक बाटलीत, फॉर्मेलिन न घालता, बर्फावर पाठवा, आणि ताप असेल तर ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या) रक्त. दिलेली लस शेळीच्या देवीची असेल तर पीसीआर ही जनुकांची तपासणी लगेच सांगते की गाठीतला विषाणू लशीचा की लंपीचा. लंपीच्याच विषाणूपासून केलेली लस दिली असेल तर लशीच्या स्ट्रेनला वेगळं ओळखणारी पीसीआर मागावी लागेल, त्यामुळे कोणती लस दिली ते पाकिटावर ठळक लिहा. सोबत बॅच नंबर, बाटली किती वाजता विरघळवली, हे गुरू कितव्या क्रमांकावर टोचलं आणि त्याच बाटलीतून टोचलेल्या बाकीच्या गुरांचे बिल्ला क्रमांक. त्या बाकीच्यांतही गाठी आल्या असतील तर आधी बाटली आणि आइसबॉक्स तपासायचा. एकाच गोठ्यात आल्या असतील तर तिथे नवं जनावर कधी आलं ते विचारायचं.